पुलाखालची बाणूबाई

बाणूबाई : आधी खाली उतर. शिडीवर बसून बोलायलीस, माझी मान दुखायली.

प्रतीक्षा : उतरले. कपाळावरचं कुंकू तेवढं पुसायचं म्हणता? भिंतीवरचं तुमचं चित्र आवडलं न्हाई व्हय?

बाणूबाई : चित्राचं काई न्हाई. माझा मालक जाऊन सहा वर्सं झाली.

प्रतीक्षा : अगं बाई! हे मला कुणीच सांगितलं न्हाई.

बाणूबाई : तू इचारलीस कुणाला?

प्रतीक्षा : डाळमिलच्या दारात फोटो काढला तवा तुमच्या तोंडभर तुरीचा भुसा होता. मला वाटलं, कुंकू घामानं गेलं असंल. एवढा मोठा चेहरा, कपाळ रिकामं दिसायलं. म्हणून ताटाएवढं लाल लावलं.

श्रीशैल : बाणक्का, ह्या पुलाच्या सगळ्या भिंतींचं काम माझ्याकडं हाय. आधी इथं बोअरवेलच्या जाहिराती असायच्या. मग लोकांनी थुंकू नये म्हणून देव काढले. औंदा पयल्यांदा कष्टाच्या बायका काढल्यात. गुलबर्ग्यात असं कवाच झालं नव्हतं. उद्या उद्घाटन हाय, आन तुमी आज पुसा म्हणायलाव.

बाणूबाई : देवच काढायचे होते. देवाला दीर नसतोय.

प्रतीक्षा : दीर काय म्हणायलेत?

बाणूबाई : तुळजाराम भावजींनी गावाकडं मादन हिप्परग्यात बसून मोबाइलवर बघितलं. वैनी कुणाच्या नावाचं लावायली, म्हणून चार मानसांत इचारलं. आयतवारी माझ्या मंगलला बघायला मंठाळचे पाव्हणे यायलेत, ह्याच पुलाखालून. भावजी म्हणले, कपाळ साफ झालं न्हाई तर मी बैठकीला बसत न्हाई. पोरीला बाप न्हाई. चुलताबी न्हाई आला तर तिला कोण करून घेईल?

प्रतीक्षा : कुंकवानं कुणाचं काय जातंय, अक्का? राहू द्या तसंच. मी बोलते त्यांच्याशी.

बाणूबाई : तू बोलशील आन बिदरला जाशील. तुला दुसरी भिंत मिळंल. मला ह्याच मानसांत राहायचंय.

श्रीशैल : पर चित्र होऊन पंधरा दिवस झाले. रोज इथूनच मिलला जाताव. पयल्याच दिवशी कामून बोलला न्हाईत?

(बाणूबाई भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्याकडे बोट करते.)

बाणूबाई : चांगली दिसायलते.

प्रतीक्षा : अक्का...

बाणूबाई : जाता-येता जरा थांबायलते. भिंतीवर हाय, माझ्या कपाळी थोडंच हाय, असं मनाला सांगायलते. आता सांगायलाबी लाज वाटायली.

प्रतीक्षा : मग पुसायचंच न्हाई. चित्रातला पदर भुवयांपर्यंत खाली ओढते. कुंकू आत राहील, कुणाला दिसणार न्हाई.

बाणूबाई : नगं. भावजी म्हणतील, झाकलंय. कपाळ मोकळंच दिसाय पायजे.

श्रीशैल : प्रतीक्षा, अंगाचा रंग कालव. वाळायला येळ लागतोय.

प्रतीक्षा : चुकी माझी हाय, अक्का. इचारायला पायजे होतं.

बाणूबाई : इचारली असतीस तर नगंच म्हणले असते. मग हे पंधरा दिवस मला मिळाले नसते.

प्रतीक्षा : तुमी जावा मिलला. बघू नगा.

बाणूबाई : भोंगा व्हायचाय अजून. थांबते. तू चढ.

श्रीशैल : पॉलिश पेपरनं आधी चांगलं घास. न्हाईतर लाल परत वर येतंय.

बाणूबाई : हळू घास, पोरी. मालक गेले त्या दिशी बायांनी लई घासलं होतं.