उरलंसुरलं तेल

मिस्त्री : पिशवी टेबलाखाली सरकवून काय होणार, काका? वास यायचा तो येतोच आहे.

सासरे : कसला वास?

मिस्त्री : सडक्या अंड्यांचा. मघाशी तुमच्या गाडीचं तेल काढलं तेव्हा हाच आला. म्हटलं, इंजिनात हा वास कुठून? हा तर गिअरच्या तेलाचा. दाखवा बघू पिशवीत काय आहे.

सासरे : रिकामे डबे आहेत. भंगारात जातील म्हणून तुझ्याकडे आणले.

मिस्त्री : पाच डबे, पाच कंपन्यांचे. आणि या निळ्याचं लेबल कुठे गेलं?

सासरे : धुताना निघालं असेल. आमच्याकडे डबा धुऊन ठेवायची पद्धत आहे.

मिस्त्री : हाच तो. आतून अजून घमघमतोय. सगळं एकत्र करून ओतलंत ना गाडीत?

सासरे : अरे, प्रत्येकात तळाशी थोडं थोडं उरलं होतं. दर सर्व्हिसिंगला उरतं. टाकून द्यायचं का? जन्मभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं, एक वायसर वाया जाऊ दिला नाही. घरी साबण झिजला तरी तो तुकडा मी नव्या वडीला चिकटवतो. तेल ते तेल.

मिस्त्री : तेल ते तेल, तर डोक्याला रॉकेल का नाही लावत?

सासरे : चेष्टा नको. कंपन्या वेगवेगळ्या होत्या, म्हणूनच ना गाडी बंद पडली?

मिस्त्री : नाही हो. इंजिनाचं तेल इंजिनाच्या तेलात मिसळून जातं, कंपनी कुठलीही असो. चांगलं नाही, पण त्याने कुणी मरत नाही. बंद गाड्या ओढून आणायच्या आमच्या टोचनच्या जीपमध्ये मी गिऱ्हाइकांचं उरलंसुरलंच घालतो. तुमचं दुसरीकडे चुकलं. निळ्या डब्यात गिअरचं तेल होतं. आणि इंजिनात तेल पुरेसं असताना तुम्ही वरून ओतलंत. आधी तेल मोजायची पट्टी काढून बघितली होतीत?

सासरे : चष्मा वर राहिला होता.

मिस्त्री : झालं तर मग. तेल जास्त झालं, आत घुसळलं, फेस आला. फेसाला दाब नसतो. दाब गेला की लाल दिवा लागतो.

सासरे : पण दिवा लागल्यावर गाडी थांबवायला नको? सुनेने ती तशीच रेटली...

मिस्त्री : कोण म्हणतं रेटली? रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं. खालचं चेंबर उघडून बघितलंय मी, आत ओरखडासुद्धा नाही. दिवा लागला आणि तिने तिथल्या तिथे गाडी बंद केली. तिच्यामुळे वाचलंय इंजिन.

सासरे : नक्की?

मिस्त्री : असे काय बघता? आनंदाची बातमी दिली मी. तेल बदललं की गाडी चालू.

सासरे : जरा पाणी दे.

मिस्त्री : घ्या. सावकाश.

सासरे : एक काम कर. ती येईल आता. तिला सांग, पंप थकला होता, गाडी जुनी झाली, असं काहीतरी.

मिस्त्री : सांगतो की. खोटं बोलायला माझी ना नाही, "उद्या गाडी मिळेल" असं रोजच सांगतो. पण घरातलीच माणसं तुम्ही. झालं गेलं सांगा आणि हसून मोकळे व्हा.

सासरे : हसण्यापलीकडे गेलंय ते. त्या दिवशी तिचे आईवडील जेवायला आले होते. आम्ही पानांवर बसलो होतो. सून गाडी रस्त्यात ठेवून घामाघूम होऊन चालत आली, म्हणाली, बाबा, तेलाचा दिवा लागला. मला डबे आठवले. तेव्हाच, घास हातात असताना. आणि तोंडातून भलतंच निघालं.

मिस्त्री : काय निघालं?

सासरे : म्हटलं, दिवा कधीचाच लागला असेल, तुझं लक्ष फोनमध्ये. गाडी चालवायला अक्कल लागते. चावी ठेव इकडे.

मिस्त्री : सगळ्यांसमोर?

सासरे : सगळ्यांसमोर. ती सांगत होती, मी लगेच थांबवली. दोनदा सांगितलं तिने. माझा मुलगा ताटात बघत बसला. आणि तिचे वडील उठले. खरकट्या हाताने उठले रे, आणि माझ्यापुढे हात जोडले. पोरीचं चुकलं, पदरात घ्या म्हणाले.

मिस्त्री : आणि तुम्ही?

सासरे : मी म्हटलं, असू द्या, होतं असं.

मिस्त्री : मोठ्या मनाने.

सासरे : हाण, तूही जोडे हाण.

मिस्त्री : मी कोण हाणणारा? पण सकाळी ती येऊन गेली, तेवढं सांगतो. तोवर मी गाडी उघडली नव्हती. म्हणाली, मला तेलाची पट्टी बघायला शिकवा, माझंच लक्ष नसेल.

सासरे : असं म्हणाली?

मिस्त्री : दिवा कुठे असतो तेसुद्धा पुन्हा विचारून घेतलं. लहान मुलासारखं. आली बघा. बोला पटकन, पंप म्हणू का?

(सून आत येते. खांद्याला कामाची बॅग आहे.)

सून : बाबा? एवढ्या उन्हात कशाला आलात? मी येणारच होते की.

सासरे : सहजच. तू लवकर सुटलीस?

सून : ऑफिसात गेले होते. घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घ्यायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं सांगायला. बसने फिरून सगळी घरं होत नाहीत. साहेबीण म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत विचार कर, मग पक्कं कळव. मिस्त्री, काय निघालं गाडीत?

मिस्त्री : गाडीत ना? ते म्हणजे... काका, पंपच ना?

सासरे : नाही. पंप नाही.

मिस्त्री : मग मी हात धुऊन येतो. हे काळं लवकर निघत नाही. वेळ लागेल मला.

सून : कसला पंप, बाबा?

सासरे : बस जरा.

सून : कुठे बसू? सगळं तेलकट आहे.

सासरे : बरं, उभीच राहा. त्या गाडीत मी तेल ओतलं होतं. या डब्यांतलं, उरलेलं. त्याच दिवशी सकाळी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. वाटलं, तुझं काम फिरतीचं, तेवढाच हातभार. संध्याकाळी सांगून जरा मिरवणार होतो. त्यात एक डबा भलत्याच तेलाचा होता.

सून : म्हणून दिवा लागला?

सासरे : म्हणून लागला. तू लगेच थांबवलीस म्हणून इंजिन राहिलं. मिस्त्री सांगतो.

सून : आणि मला अक्कल नाही म्हणालात, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?

सासरे : हो.

सून : की नंतर आठवलं?

सासरे : नंतर आठवलं असं सांगता आलं असतं. पण नाही. तेव्हाच माहीत होतं.

सून : मी त्या दिवसापासून धड झोपले नाही, बाबा. डोळे मिटले की तो दिवा दिसतो. खरंच आधीपासून लागला होता का, मलाच दिसला नाही का. परवा एका आजींना उभं करताना माझे हात कचरले. म्हटलं, जिला समोरचा दिवा दिसत नाही, तिने दुसऱ्याची आई कशाला धरावी.

सासरे : लाज वाटते गं मला. तुझ्याकडे बघवत नाही. ही घे तुझी चावी. ते काम सोडू नकोस.

सून : चावी नको.

सासरे : घे ना, पोरी.

सून : इथे गॅरेजच्या कोपऱ्यात नको. घेतलीत तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

सासरे : आज मुलाला सांगतो. तो घरी आला की लगेच.

सून : त्याला सांगाच. पण हात त्याने नव्हते जोडले. माझ्या बाबांनी जोडले. गाडी मला त्यांनीच शिकवली. पहिल्या दिवशी, इंजिन सुरू करायच्याही आधी, म्हणाले होते, लाल दिवा लागला की असशील तिथे थांब. मागचे शिव्या देतील, देऊ देत.

सासरे : रविवारी त्यांना पुन्हा जेवायला बोलावतो. समोर बसवून सांगतो.

सून : रविवारपर्यंत तुम्हाला दुसरं काहीतरी सुचेल.

सासरे : हं. सुचेल खरं. लाव फोन.

सून : आत्ता?

सासरे : घरी पोहोचेपर्यंतसुद्धा धीर टिकायचा नाही माझा. तूच लाव. मला आकडे दिसत नाहीत, चष्मा...

सून : डोक्यावर आहे तुमच्या. घ्या, रिंग जातेय.

सासरे : हॅलो. व्याही, मी बोलतोय... नाही, नाही, तिची काही तक्रार नाही... अहो, तुम्ही पुन्हा माफी कसली मागताय? नका मागू. आधी माझं ऐका. गाडी माझ्यामुळे बंद पडली. मी नको ते तेल ओतलं होतं. तुमच्या मुलीने दिवा लागताक्षणी थांबवली, मिस्त्रीने उघडून बघितलंय. आणि तुम्ही हात जोडलेत ना, तेव्हा मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी "असू द्या" म्हणालो... हॅलो?

सून : कट झाला?

सासरे : नाही. आहेत. हं, बोला... हो... हो, इथेच आहे, माझ्या शेजारी.

सून : चिडलेत का?

सासरे : नाही. घे, तुझ्याशी बोलायचंय त्यांना. म्हणाले, तुमचं राहू द्या, तिला गाडी मी शिकवली होती, आणि हात जोडायच्या आधी मीही तिला एका शब्दाने विचारलं नाही.