सूनबाईची चेनगाडी

जय भीम. बसा, सगळे बसून घ्या. मागं उन्हात उभे राहू नका, इकडं पंडालात जागा आहे.

मले बोलता येत नाई. मिलिंद म्हणाला, बाबा, तुम्ही राहू द्या, दुसरं कोणी बोलेल. मी म्हणलं, नाई, मी बोलतो. आता उभा राह्यलो तर समजून नाई राह्यलं कुठून सुरू करू. मी फौजेत ड्रायव्हर होतो. भाषण कधी केलं नाई. आणि पहिलंच भाषण सुनेच्या शोकसभेत? हे असं असते का कुठं? इथं फोटो माझा पाहिजे होता. बोलायले ती पाहिजे होती. तिले बोलता येत होतं.

मागच्या शुक्रवारी सकाळी ती होती. मले चहा दिला. स्कूटी काढता काढता म्हणाली, "मामाजी, आज शाळा सुटली की गाडीची डावी चेन चढवू. पिना घासून ठेवजा." मी म्हणलं, बरं. बस, एवढंच बोलणं झालं. सासरा सुनेशी सकाळी आणखी काय बोलते?

दुपारी शाळेतून फोन आला. वैशाली मॅडम गणित शिकवता शिकवता खाली बसल्या. डोकं दुखते म्हणाल्या. मी शेडमध्ये पिना घासत होतो, तसाच उठलो. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती पलंगावर होती, मिलिंद बाजूले उभा होता. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. ती गेलीच होती म्हणा. श्वास मशीनवर चालू होता. माझे हात ग्रीसनं काळे होते. पांढरी चादर, पांढरी उशी. मी तिच्या डोक्याले हात लावला नाई. म्हणलं, आधी हात धुऊन येतो. धुऊन आलो, तर मिलिंद बाहेर भिंतीले टेकून बसला होता.

अजून मले समजून नाई राह्यलं. तुम्ही सांगा, तुम्हाले समजलं का?

तुमच्यापैकी पुष्कळ जण घरी आले, बसले, रडले. आणि जाताना शेडकडं पाहून हळूच विचारलं, आता त्या गाडीचं काय? विचारणाऱ्याचं चूक नाई. ती गाडी आपल्या देवळीत सगळ्यांच्या डोळ्यात भरली होती. म्हणून आज तेच सांगतो.

मिलिंदची आई वारली तेव्हा मी बोलणं सोडलं. ठरवून नाई, आपोआप. अंगणात खुर्ची टाकून बसत होतो. जेवा म्हणलं की जेवत होतो. वैशालीनं पुष्कळ करून पाह्यलं. पेपर वाचून दाखवे, मुद्दाम भांडण काढे. मी आपला हं, हं.

मग आम्ही एका लग्नाले आष्टीले गेलतो. मंडपाच्या मागं एक बंद पडलेली आरा मशीन होती, लाकडं कापायची. तिथं बाभळीत लोखंडाचा एक डबा दिसला. मी ताटावरून उठलो. जवळ जाऊन पाह्यलं तर चेनगाडी, रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी. इंग्रजांच्या फौजेची, लहान, वरून उघडी. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कोण्या ठेकेदारानं लिलावात घेतली असंल, जंगलातून लाकडं ओढायले. मी फौजेत चालवत होतो ती हिच्याहून मोठी. ही तिची आजी म्हणा. मी वैशालीले सांगत गेलो. चेन कशी चढते, वळवताना एका बाजूचं ब्रेक कसं दाबतात, चिखलात काय करतात. लग्न लागून गेलं, लोक जेवून उठले, मी सांगूनच राह्यलो.

तिच्या डोळ्यात पाणी. मी म्हणलं, काऊन रडतं बेटा? म्हणाली, "मामाजी, तुम्ही बोलून राह्यले."

दुसऱ्याच रविवारी ती मिलिंदले घेऊन त्या आरा मशीनच्या मालकाकडं गेली. ते आज इथं बसले आहेत, समोरच. साहेब, तुम्ही म्हणले होते, घेऊन जा, फक्त चालू झाली की एकदा आष्टीत आणून दाखवा. तिनं शब्द दिला. जाम गावावरून ट्रेलर बोलावला, आणि गाडी आमच्या दारात. गल्ली गोळा झाली. कोणीतरी म्हणलं, "मॅडम, युद्धावर चालल्या का?" ती म्हणाली, "हो, सासऱ्यासंग!"

मग घरात दुसरं कामच नाई. मिलिंद बँकेतून आला की कपडे बदलून शेडमध्ये. नातीच्या हातात ब्रश, गंज खरवडायले. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल सोडलं, आणि वाट पाह्यली. पुन्हा सोडलं, पुन्हा वाट पाह्यली. मी म्हणलं, हे मेलं. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल पण लोक असंच म्हणत होते." ऐका! असं बोलत होती ती सासऱ्याले! आणि मी हसत होतो. मिलिंदची आई गेल्यावर पहिल्यांदा हसलो.

उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं. धूर एवढा की शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन आले. उजवी चेन चढली. डावी तेवढी राह्यली.

ती गेली आणि मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो. आपोआप. मिलिंदले ती गाडी पाहवत नव्हती. त्यानं भंगारवाल्याले बोलावलं. भंगारवाला परवा आला, शेडमध्ये गेला, गाडीभोवती फिरला. विचारलं, "काका, उचलू का?"

मिलिंद म्हणाला, "बाबा, काहीतरी बोला."

मी बसलो होतो.

मग तो माझ्यापुढं खाली बसला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, "आई गेली तेव्हा वैशालीनं तुम्हाले बोलतं केलं. मले ते जमत नाई, बाबा. मले तिच्यासारखं जमत नाई." आणि रडला. दवाखान्यात रडला नव्हता, स्मशानात रडला नव्हता. माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला, आणि तो भंगारवाला बिचारा तिथंच उभा. नंतर आपल्या पायानं निघून गेला.

मी म्हणलं, ऊठ बेटा. हातोडा आण.

सुतकी घरात ठोकाठोकी चालली म्हणून कोणी बोललं असंल. बोलू द्या. चेन एका कडीनं कमी पडत होती. आम्ही ओढली, ती घसरली. पुन्हा ओढली. नात पहारीले लटकली. मिलिंद म्हणे, पिन कोणत्या बाजूनं जाते? मी सांगितलं. बाप-लेक दोघं रडून राह्यलो, आणि ठोकून राह्यलो. संध्याकाळ व्हायच्या आत पिन बसली, डावी चेन चढली.

सुरू केली नाई. एवढं बळ नाई अजून. पण साहेब, आष्टीले आम्ही येऊ. तिनं शब्द दिला होता. मिलिंद चालवेल, मी बाजूले बसतो.

दुःख कमी झालं असं मी सांगत नाई. सकाळी चहा आला की मी अजून दाराकडं पाहतो. छत्तीस वर्षांची पोरगी शाळेत जाते आणि येत नाई, हे माझ्या डोक्यात बसत नाई. बसणार नाई. पण मी बोलून राह्यलो. तुमच्यापुढं उभा राहून बोलून राह्यलो, ते तिचं काम आहे.

आता एकच विनंती. फौजेत एक कायदा असते. डोक्यावर टोपी नसली की सॅल्यूट करत नाई. सावधान उभं राहते माणूस, हात सरळ, नजर समोर. माझ्या डोक्यावर आज टोपी नाई. म्हणून मी माझ्या सुनेपुढं सावधान उभा राहतो. तुम्ही पण उठा. म्हाताऱ्यांनी बसलं तरी चालते. कोणी घड्याळ पाहू नका. मी मान हलवली की बसा.

वैशाली बेटा... सावधान.