कार्बनचा खांब आणि वहिनींचा बांबू

अरे, नानाखेड्याच्या दिनूभाऊंनी माझं पार डोकं खाल्लं! हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी गप्पांसाठी, गच्चीवर कार्बन फायबरचा खांब उभारला, अँटेनाची तार त्यालाच गुंडाळली, आणि पुण्याच्या मेहुण्याला एक शब्द ऐकू जाईना. तो आता जन्मभर चिडवणार!

मी म्हटलं, “भाऊ, हा कार्बनच सिग्नल गिळतोय. बांबू लावा.”

“तू आठवी पास, मला शिकवतो का?”

ते चहाला खाली गेले, तशी मी तार वहिनींच्या कपडे वाळवायच्या बांबूवर चढवली.

भाऊंनी परत येऊन तारेकडे न बघताच रेडिओवर हाक दिली, तर मेहुणा लगेच म्हणाला, “दाजी, एकदम साफ!”

दिनूभाऊ फुगले, “बघ, कार्बनची कमाल!”

“मग मीपण तोच खांब मागवतो!” मेहुणा म्हणाला.

घ्या! आता तार बदलायला मी पुण्याला जाऊ?