राखेचा डबा

हॅलो?

हां, साल्किनाय, बोल… मी बरी आहे. हो, गुडघा बरा… दुकान आत्ताच उघडलं… नाही गं, बिश्केकला अजून तेवढी थंडी नाही. कोचकोरला असेल तुमच्या… मेंढ्या? माझ्या कुठल्या मेंढ्या? मी बाजारात गाड्यांचे सुटे भाग विकते. मेंढ्या तुझ्या. बऱ्या आहेत ना?… झालं तर मग.

आई कशी आहे?… गाडीत? आत्तापासून? आठ वाजलेत फक्त. नारिनला कार्यक्रम दोन वाजता ना?… तुझ्या नातवाने पहिली पावलं टाकली, त्याच्या पायातला दोरा कापायचा म्हणून पणजी एवढी उतावीळ. पळायचं तिला आहे का?… हो हो, दोरा तिनेच कातलाय, माहितेय मला. काळ्या-पांढऱ्या लोकरीचा. महिनाभर दुसरं काही ऐकलंच नाही फोनवर.

थांब. तो मागे आवाज कसला येतोय?… गाडी चालू आहे? कधीपासून?… मग गरम होऊ दे की, त्यात मला फोन कशाला?

काय सांडलंय?

केवढं?… साल्किनाय, चहाच्या वाटीएवढं की ताटाएवढं?

बंद कर. आधी गाडी बंद कर. मग बोल… नाही, सामान नंतर चढव. जा, किल्ली फिरव.

…

केलीस?… बरं. आता मला सांग, गाडीखाली तेलाचं थारोळं साचलंय आणि तू माझ्या गुडघ्याची चौकशी करत होतीस? मेंढ्यांपर्यंत पोचलीस… हो, मोठी बहीण आहे, आधी ख्यालीखुशाली विचारायची असते, कळलं. पण इंजिनाला कुठे रीतभात कळते? तेल संपलं की ते मिनिटभरात जाम होतं. घाटात झालं असतं तर? दोलोनच्या चढावर, सात माणसं आणि आई घेऊन?

रडू नकोस. झालं नाही ना काही. आधी ऐक.

बोनेट उघड. तेल मोजायची पट्टी असते, पिवळ्या कडीची. ओढ, फडक्याने पूस, परत घाल, परत ओढ… कुठवर आहे?… टोकालाही नाही? बरं.

आता पुढे वाक. तेलाच्या फिल्टरजवळून दोन पाइप निघतात. दोन्ही टोकांना लोखंड आणि मधे काळं रबर. दिसलं?… ओलंय ना? बोट लाव… भेगा? कशा, टाचेला पडतात तशा?… हं.

तेच आहे.

नाही, दुसरं काही नाही. या गाड्यांचं हेच दुखणं. तेल गार करायला कूलर असतो, त्याचा हा पाइप. गरम तेल जोरात फिरतं, वर्षं गेली की मधलं रबर कुजतं. आधी पाझरतं, मग एक दिवस फाटतं. महिन्यातून चार जण येतात माझ्याकडे याच पाइपसाठी. दोघं वेळेत येतात.

तुझा नवरा कुठे आहे, दूयशेन?… कालच नारिनला गेला मेंढी घेऊन? मग गाडीतलं कळणारं जवळ कोण?… ओसमोनकाका. चालेल. ट्रॅक्टरवर आयुष्य गेलं त्यांचं, पाना धरता येतो. दे त्यांना फोन… नको, तूच सांग. त्यांच्याशी बोलायचं तर पुन्हा मेंढ्यांपासून सुरू करावं लागेल.

काय म्हणतायत?… रबर कापून पाण्याची नळी बसवू? वर तार आवळून? साल्किनाय, त्यांना हात जोडून सांग, नको म्हणावं. पाण्याची नळी त्या तेलापुढे उसाच्या चिपाडासारखी. घाट चढायच्या आत सुटेल. पूर्ण पाइप बदलायचा. नवा मिळतो तो सगळा लोखंडी असतो, मधे रबर नाहीच.

कुठून आणायचा म्हणजे?

आहे तो तुझ्याकडे.

…

गाडीत आहे. मागच्या दारातून बघ, जादा चाक आहे ना, त्याच्या बाजूच्या खाचेत लांबट काहीतरी गुंडाळलेलं असेल. केनेशच्या राखाडी मफलरमध्ये… हो, माझ्याच केनेशच्या. बघ तर… सापडलं?… आत पाइप आहे ना, वाकवलेला, नवा कोरा? आणि एक नसवारच्या तंबाखूची डबी असेल. ती हलव… वाजतेय? वायसर आहेत त्यात. नवे. जुने परत वापरायचे नाहीत, तिथूनच गळतं.

…

हो. मला माहीत होतं.

नाही, विसरले नव्हते. केनेशनेच आणून ठेवला होता, तीन वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात बसवतो म्हणायचा. बाजारभरच्या गाड्या दुरुस्त केल्या त्याने, आपल्या गाडीला पुढचा आठवडा. आणि मग आजारीच पडला. तुला ठाऊक आहे सगळं.

अगं ऐक ना… ऐक. केनेश गेल्यावर गाडी मी तुम्हाला दिली तो दिवस आठव. तुम्ही सगळे अंगणात उभे. दूयशेनने शकुन म्हणून बोनेटला लोणी लावलं. शेजारच्या बायका गाडी बघितल्याची भेट म्हणून टोपलीत काही ना काही टाकून गेल्या. आईने हात पसरून दुवा दिली, वाट मोकळी असो म्हणाली. तेव्हा मी तोंड उघडून म्हणू, गाडी छान आहे पण हिचा पाइप कुजलाय? दिलेल्या वस्तूला नाव ठेवतं का कुणी? अपशकुनी ठरवलं असतं तुम्ही सगळ्यांनी मला.

म्हटलं, उद्या फोन करून सांगेन. उद्या झाला नाही. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल, तेव्हा का नाही बोललीस. असं करत वर्ष काढलं… चारदा तुम्ही घाट ओलांडलात. चारही वेळा पोचल्याचा फोन येईपर्यंत घास गेला नाही माझ्या घशाखाली. तुला वाटायचं, ताईला किती काळजी. ती काळजी नव्हती गं, भीती होती.

बोल मला काय बोलायचं ते. ऐकून घेते.

…

बरं. नंतर बोल मग. आधी काम.

गाडी वर उचलावी लागेल. नुसत्या जॅकवर ठेवून कुणी खाली जायचं नाही, लाकडाचे ठोकळे लावा… आणि आईला उतरव आधी… उतरत नाही? का?

निघायची दुवा म्हणून झाली?

अरे देवा. म्हणजे निघाली ती. तिच्या हिशेबाने ती आत्ता नारिनच्या वाटेवर आहे. आता उतरली तर निघालेल्या वाटेवरून मागे फिरल्यासारखं. ती नाही ऐकायची. वडील होते तेव्हा एकदा बस बंद पडली, तर चार तास बसून राहिली होती बसमध्ये, आठवतंय?… तिला घेऊन गाडी उचलायची नाही. मुळीच नाही. ओसमोनकाकांना सांग, हसू नका.

असं कर. ओट्यावर दस्तरखान अंथर. हो, आत्ता, साल्किनाय. नान ठेव, लोणी ठेव, चहा कर. ओसमोनकाकांना बसव, तूही बस, आणि कुणी हात लावू नका. गाडीकडे बघत बसा नुसते. सगळ्यांत मोठी ती. तिने नान मोडल्याशिवाय तुम्ही घास घेणार कसा? ओसमोनकाका सकाळपासून उपाशी आहेत म्हणावं. पाहुणा तिच्या दारात उपाशी बसलाय आणि ती गाडीत? दोन मिनिटं नाही बसायची… आणि खाऊन झालं की शेवटी दुवा म्हणावीच लागते. नवी दुवा, नवं निघणं. आधीचं मोडलं कुठे?

मी शहाणी नाही, मी तिची मुलगी आहे.

हां, अजून ऐक. खाली घमेलं ठेवा, उरलंसुरलं तेल पडेल. दुधाची बादली घेऊ नकोस, आई जीव घेईल. बोल्ट बेताने आवळा. खाली ॲल्युमिनियम आहे, जोर केला तर आटे जातील. ओसमोनकाकांना सांग, हा ट्रॅक्टर नाही. दूयशेनने तेलाचे नवे डबे आणलेत ना?… सहा लिटर लागेल. घमेल्यातलं गाळून परत घालू नका. मग गाडी सुरू करा, तेलाचा तांबडा दिवा विझला पाहिजे. अर्धा मिनिट, बंद. पट्टी बघा, लागेल तेवढं अजून घाला. मग खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि पाव तास चालू ठेवा. पुठ्ठ्यावर एक ठिपका जरी पडला तरी निघायचं नाही, दोरा-बिरा राहिला.

आणि हे गळत किती दिवस होतं? अंगणात डाग पडले असतील की… नाही? एकही नाही?… राख? अंगणात राख कोण टाकतं?… आई? मुंग्यांसाठी? ऑक्टोबरात कुठल्या मुंग्या, साल्किनाय?

बरं, असू दे. हो, आलेच भाऊ, कुठली गाडी तुमची?… ठेवते, गिऱ्हाईक आलंय. झालं की फोन कर. आणि थेट मुद्द्याचं बोल, आधी मेंढ्या नकोत.

* * *

हॅलो?

हो, पहिल्याच रिंगला उचलला. हातातच होता. सव्वाअकरा झालेत, कितीदा बघावं घड्याळ… बसला?… ओसमोनकाकांनी? बोल्ट शाबूत आहेत ना?… दिवा विझला?… पट्टी?… वरच्या खुणेला. वा. आणि पुठ्ठा?

नीट बघितलास? वाकून?… कोरडा.

…

नाही, काही नाही. शिंक आली.

आई उतरली होती ना?… किती वेळात?… चहा उकळायच्याही आत? बघ. काकांना दोन नान खायला लावले असतील तिने… तीन. बरं झालं, काम केलंय त्यांनी.

हं… मग?… कोण आलं फावडं घेऊन?… आई? राखेचं?

थांब, नीट सांग. पाव तास झाला, तू गाडी बंद केलीस, आणि आई चुलीतली राख घेऊन थेट गाडीपाशी… पुढच्या चाकाजवळ… आणि वाकून बघायला लागली. मग?… काय म्हणाली?

"आज नाही पडलं?"

…

म्हणजे तिला ठाऊक होतं.

रोज? वर्षभर रोज सकाळी?… तुम्ही उठायच्या आत. आणि आज सणाचे कपडे घालून पहाटेच गाडीत जाऊन बसली, म्हणून राहून गेलं. म्हणून तुला दिसलं… मुंग्या म्हणे. आणि तुम्ही दोघांनी ऐकून घेतलं.

हसू नकोस, साल्किनाय. मला रडू येतंय आणि तू हसतेस… बरं, मीही हसतेय. दे तिला फोन. दे.

आई?… हो, मी बातमा. ऐकू येतंय?… मी बरी… हो, गुडघा बरा… आई, मेंढ्या नाहीत मला… आई, तू मला एक सांग, तेल गळतंय हे तुला दिसत होतं तर बोलली का नाहीस?

…

जावयाला वाटू नये म्हणून. बरं.

…

आणि मला वाटू नये म्हणून… नाही गं, मला कशाला वाटेल?… हो. केनेशची गाडी. त्याच्या गाडीत खोट निघाली असं माझ्या कानावर जाऊ नये म्हणून. नवरा गेल्यावर त्याची एकच वस्तू लेकीने उचलून दिली, तिला नाव कसं ठेवायचं.

आई, मीही त्याचसाठी गप्प होते. इकडे मी गप्प, तिकडे तू राख टाकतेस. भीड भिकेची बहीण म्हणतात, आपली तर दरीत घेऊन गेली असती सगळ्यांना. तू रोज झाकत राहिलीस, म्हणून त्यांना कळलं नाही तेल कमी होतंय ते. आणि मी तर बोललेच नाही… तू नाही, चूक माझी मोठी… बरं, अर्धी-अर्धी. तू म्हणशील तसं.

त्याच्या मफलरचं काय?… झटकून घडी करून ठेवलास? तेलाचा हात लागला असेल ना त्याला… नको, मला नको पाठवू. तूच ठेव. घाटात गार वारा असतो, गळ्याला गुंडाळ.

हो, निघा आता. दोनच्या आत पोचाल… माझ्यासाठी पण? आत्ता?… थांब. थांब आई, फोन खाली ठेवते. दोन्ही हात पसरावे लागतात… हं. म्हण. ऐकतेय.

…

…

ओमीन.

…

हो, ऐकलं सगळं. त्याचं नाव घेतलंस तेही ऐकलं… जा. सावकाश जा. दे साल्किनायला.

हां. बसली ती?… पुढेच बसणार, दुसरं कुठे. दोरा आहे ना खिशात, विचार… तीनदा बघितला. बरं. घाटाच्या वर गाडी थांबव, पट्टी एकदा बघ, मला फोन कर. आणि आज भीतीने नाही, काळजीने वाट बघेन.

चालू कर गाडी, मला ऐकू दे… हं… छान. असाच आवाज यायचा तिचा.

काय?… मांडीवर काय घेऊन बसलीय?

राखेचा? भरलेला?

… तुझ्या सुनेच्या माहेरची माणसं असतील तिथे, त्यांच्या अंगणात डाग नको पडायला. बरोबर आहे तिचं… नाही, काढून घेऊ नकोस. राहू दे. वाद घालशील तर परत उतरेल, परत नान, परत दुवा, तीन वाजतील.

राहू दे डबा तिच्याकडे. फक्त एवढं सांग तिला माझ्याकडून, येताना भरलेलाच परत आण म्हणावं.

हो… हो, निघा. ठेवते.