आकृतीला दहापैकी सात

— आणि तो पेचकस आधी खाली ठेव, लटारू. नाडी न पाहता सुरी हातात घेणारे वैद्य मी पुष्कळ पाहिले आहेत. तुझी ही खोड जुनीच — आठवीत शाळेचा रेडिओ तू असाच उघडला होतास, जोडल्यावर तीन स्क्रू उरले आणि पुढे वर्षभर त्या रेडिओवर खरखरीखेरीज दुसरा कार्यक्रम लागला नाही. तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं होतं मी तुला. आठवतं? हसतोस कसला! आज तुझ्या दुकानाच्या पाटीवर ‘लॅपटॉपतज्ज्ञ’ असं वाचलं — शब्द शुद्ध लिहिला आहेस, अभिनंदन. अर्थाची जबाबदारी तुझी. किती वाजले? साडेदहा. ऐक, अकरा वाजता रोशनी या यंत्रावर येणार आहे — माझी मुलगी रे, तुझ्या मागे चार इयत्ता होती, आता पुण्याला असते. काल शेजारच्या केसरबाई कुंपणावरून ओरडल्या, ‘बाई, तुमची रोशनी माह्या फोनवर बोलून राह्यली! म्हणते, उद्या अकराले लॅपटॉपवर येतो, अर्धाच तास आहे, आईले सांगजा!’ साऱ्या आळीला कळलं, तेव्हा मलाही कळलं. — माझ्याच फोनवर का नाही केला? चौकशा फार तुझ्या! माझ्या फोनचा आवाज सदोष आहे. यंत्रात मात्र काही दोष नाही; चार्जिंग घेत नाही, एवढंच. रोज वापरते मी. रोज सकाळी, चहानंतर.

आणि अंदाजाने ठोकाठोक करू नकोस, ही आकृती समोर धर. रोशनीनेच काढून दिली आहे — डावी बाजू, उजवी बाजू, बाण काढून नावं दिलेली. क्रमांक एक, डावीकडचं गोल छिद्र, चार्जिंगचं. दोन, चौकोनी, फोनच्या तारेसारखं दिसणारं — ते इंटरनेटच्या तारेचं. तीन, चपटं, दोन कोपरे छाटलेलं — टीव्ही जोडायला. म्हणजे तिचं यात दिसणारं एवढंसं तोंड कमी पडलं, तर मोठ्या पडद्यावर बघायचं. चार आणि पाच ही जुळी भावंडं, माऊस किंवा पेन ड्राइव्ह, जो आधी येईल त्याला जागा — आपल्या एसटीसारखं. आणि सहा — सहा राहू दे. सहाचं आज काम नाही. — लाल शाई कोणाची म्हणजे? माझी. माझ्यासमोर आलेला कागद मी तपासते. बत्तीस वर्षं तेच केलं. दहापैकी सात दिले आहेत, आणि या तालुक्यात माझ्याकडून सात मिळवणारे लोक आजही ते चारचौघांत सांगतात. तुला किती मिळायचे, ते मी तुझ्या गिऱ्हाइकांसमोर बोलत नाही.

मार टॉर्च. काय दिसतं? माती? धूळ असेल, रेतीचे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जातात. सुई कशाला? बरं, घाल, पण हळू — तो मधला काटा मोडलास तर रेडिओचाही हिशेब आजच काढीन. — हे काय? खडा? घरटं? कुंभारीण माशीचं! बाई गं! जीवशास्त्र मला शिकवू नकोस, लटारू. ओल्या मातीच्या गोळ्या एकेक करून आणते, आत अळ्या भरून ठेवते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते — आपण सगळं चोख केलं, असं समजून. पिल्लू पुढे एकटंच भिंत फोडतं आणि उडतं. हे तर रिकामंच आहे. गेलेलं आहे कधीचं.

काय म्हणालास? ‘मंग रोज सकाळी कसे उघडता, बाई — कुंभारणीले इचारून?’ वा! रेडिओ नाही, पण जीभ दुरुस्त झाली तुझी. — खाली बघ. सुई चालव. सांगते. — चौदा महिने उघडलेला नाही. झालं समाधान? मागच्या खेपेला रोशनी आली होती, तेव्हा स्वतः घेऊन आली हा, आणि एक अख्खी संध्याकाळ बसून ही आकृती काढली — पट्टी घेऊन, पेन्सिलने, लहानपणी काढायची तशी. मी काय करायला हवं होतं? ‘छान’ म्हणायला हवं होतं. ते माझ्या लक्षात आलं — नंतर. त्या वेळी मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. सकाळी तिने कागद पाहिला, घडी घालून इथेच ठेवला आणि पहिल्या बसने गेली. ‘आई, सात कसे?’ एवढंच विचारलं. मी तीन गुण कुठे कापले, ते समजावून सांगितलं. सविस्तर. बस सुटेपर्यंत.

असा बघू नकोस माझ्याकडे. माझी बदली भामरागडला झाली होती, रोशनी तेव्हा वसतिगृहात. पावसाळ्यात पूल पाण्याखाली, टपाल बंद, आणि पाणी उतरल्यावर तिची नऊ पत्रं एकदम आली. मी रात्रंदिवस वाट पाहिली होती रे त्या पत्रांची! वाचली, तपासली आणि नऊच्या नऊ परत पाठवली. — हो, परत! आमच्या आधीच्या पिढीत घरात कुणाला अक्षर नव्हतं, लटारू. माझ्या वेळेला माझी एक वेलांटी चुकली, तर लोक माझ्यावर नाही, साऱ्या वस्तीवर हसायचे. आम्हाला कुणी सूट दिली नाही, म्हणून मीही कुणाला दिली नाही. हे तिला ठाऊक आहे. ठाऊक असावं. मी तसं कधी सांगितलेलं नाही.

ती गेल्यावर मी प्रयत्न केला नाही, असं नाही. क्रमांक दोनमध्ये घरच्या बंद पडलेल्या जुन्या लँडलाइन फोनची तार घालून पाहिली — बसली! टक्‌ असं बोटांना जाणवलंही. चार दिवस मी त्या पडद्यासमोर बसले होते. बसते म्हणजे जुळते असं नाही, हे मला कुणी सांगायचं? सांगणारी आकृतीत सांगून गेली होती, ‘फोनची तार घालू नकोस’ — आणि मी त्या ओळीखाली पूर्णविराम नाही म्हणून खूण केलेली आहे, हे बघ. मग चार्जिंग संपलं आणि ठेवून दिला फळीवर. — लागला? दिवा लागला! आता तुझी तार घाल, ती जाड, निळी. अकराला दहा कमी.

ते काय काढलंस? कानाचं? नको. सहाव्याचं काम नाही म्हटलं ना मी! — दे इकडे तो कागद. मोठ्याने वाचू नकोस — वाचलंसच. ‘सहा, हे कानाला लावायचं. आई, तुला ऐकू येत नाही, आणि तू ते म्हणत नाहीस.’ आणि शेजारी माझ्या अक्षरात, ‘असंबद्ध मजकूर, वगळावा.’ दोन गुण तिथेच कापले आहेत. तीनदा फोन केला होता तिने त्यानंतर. ती बोलत असणार, आणि मी ‘हॅलो, हॅलो’ करत होते, आणि मग ठेवून दिला — तिन्ही वेळा मीच. तिला वाटलं असेल, आई रागावली आहे. — आण ते. लाव. डाव्या कानाला आधी. केस ओढू नकोस.

हे काय थरथरतं आहे पडद्यावर? हिरवं दाबू? — थांब. ऐकू येतं आहे. घंटा वाजते आहे, लटारू, अगदी स्पष्ट — केवढी स्पष्ट! तू दाबू नकोस, मी दाबीन. तू बाहेर जा. तुझंच दुकान आहे, ठाऊक आहे मला. आठवीत सांगितल्याबरोबर गेला होतास, तसाच जा आणि दार लोटून घे. आणि त्या दिवशी खिडकीशी उभा राहून सगळा तास ऐकत होतास, ते मला दिसत होतं — आज खिडकीतूनही ऐकायचं नाही.