माझा दगड अनंतावरून पडला

खोटं कायले बोलू, मी रोहिणी मॅडमवर जळत होतो. नेरच्या कॉलेजात बावीस वर्षं मी फिजिक्स शिकवून राह्यलो, अन् फुलसावंगीची ही कालची पोरगी आली तशी माझ्या वर्गातली पोरं तिच्या तासाले जाऊन बसू लागली. म्हटलं, एकदा हिले सगळ्यांसमोर अडकवू. गेलो तिच्या वर्गात.

"मॅडम, पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या उंचीवरून दगड सोडला, तर जमिनीवर किती वेगानं आदळेल?"

उत्तर मी घरूनच काढून नेलतं. सेकंदाले अकरा पॉइंट दोन किलोमीटर.

तिनं शांतपणे फळ्यावर इंटिग्रेशन केलं. उत्तर आलं सात पॉइंट नऊ.

"चुकलं!" मी खुशीत म्हटलं अन् शेजारी माझं गणित मांडलं.

तिनं ते पाह्यलं अन् हळूच म्हणाली, "सर, वर गेलं का गुरुत्वाकर्षण कमी होते. तुम्ही ते शेवटपर्यंत सारखंच धरलं. अकरा पॉइंट दोन याले तर दगड अनंतावरून पडाले पाह्यजे."

पोरं हसाले लागली. माझे कान तापले. तेवढ्यात ती पोरांवरच ओरडली, "हसता काहून? सरांनी चूक मुद्दाम केली, तुमच्यातलं कोण पकडते ते पाहाले!"

मग पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या राजेहो. मी पण हसलो, काय करता?

आधी मी फक्त तिच्या गणितावर जळत होतो. आता तिच्या चांगुलपणावरही जळावं लागते.