उभ्या गाडीचं तेल

भाची : ...पण ही गाडी चालते कुठे, मामा? ही उभी राहते. या खांबाखालून त्या खांबाखाली सरकली, की झाला तिचा प्रवास. मग तिचं तेल किलोमीटर मोजून कसं बदलायचं?

मामा : फळ्यावर काय लिहिलंय?

भाची : 'हायड्रॉलिक ऑइल दर दहा हजार किलोमीटरला बदलणे.' तुझंच अक्षर आहे. छान वळणदार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मामा : मग झालं तर. अकरा वर्षं या फळ्यावर पालिकेचं हे गॅरेज चाललंय. कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, लोडर, सगळं. तू सुट्टीतल्या प्रकल्पासाठी चार दिवस आलीस, गाड्यांची नोंद मागितलीस, मी दिली. आता ती नोंद माझ्याच मानेवर बसवतेस?

भाची : मानेवर नाही, समोर ठेवतेय. दोन मिनिटं ऐक, मधे बोलू नकोस. आईच्या या दिव्यांच्या पाळणागाडीचं तेल बदलून चौदा महिने झाले. तेवढ्यात ती चालली एकवीसशे किलोमीटर. तुझ्या फळ्याप्रमाणे पुढचं तेल पडणार अजून चार वर्षांनी. तोवर माझं कॉलेज संपत आलेलं असेल.

मामा : गाडी कमी चालली, म्हणजे तेल कमी झिजलं. यात काय चुकलं?

भाची : चाकं कमी झिजली. आई पाळण्यात उभी राहून खांबावरचा दिवा बदलते, तेव्हा इंजिन बंद असतं?

मामा : बंद कसं असेल? इंजिनावर पंप, पंपावर तेल, तेलावर पाळणा. इंजिन बंद ठेवून तुझी आई दिव्याला काय उडी मारून हात लावणार?

भाची : म्हणजे किलोमीटरचा काटा झोपलेला आणि पंप जागा. आता बघ. आई कुठल्या दिवशी कुठला दिवा बदलला ते वहीत लिहिते. मी चौदा महिने मोजले. रोजचे सरासरी बारा दिवे. एका दिव्याला वीस मिनिटं. म्हणजे दिवसाला चार तास. महिन्याचे पंचवीस दिवस धर. चौदाशे तास पंप चाललाय, मामा. गाडीचं पुस्तक म्हणतं हजार तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.

मामा : पुस्तक कुठे सापडलं तुला?

भाची : तुझ्या कपाटात, सगळ्यात खाली, फाटक्या ट्यूबांच्या ढिगात. त्याचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नव्हतं.

मामा : पुस्तकं लिहिणाऱ्यांना तेल विकायचं असतं, शहाणे. त्यांचं ऐकलं तर आपण दर पंधरवड्याला पिंप रिकामं करत बसू. मी गाडीचा आवाज ऐकून सांगतो तिला काय हवंय.

भाची : बरं, पुस्तक राहू दे बाजूला. हातच्या काकणाला आरसा कशाला? या दोन बाटल्या बघ. ही नव्या तेलाची. ही सकाळी मी पाळणागाडीच्या टाकीतून काढली. नळी घालून, स्वच्छ बाटलीत, हात पुसून. ओरडू नकोस.

मामा : ओरडतोय कुठे. दे इकडे... तेल काळपट होतंच.

भाची : वास घे.

मामा : थांब, बोटावर घेऊन बघतो.

भाची : करपल्यासारखा येतो ना?

मामा : थंडीत पाच लिटर नवं घातलं होतं मी वरून. तरी असं व्हायला नको होतं.

भाची : कुठलं घातलंस?

मामा : अडुसष्ट नंबरचं. लोडरचं उरलं होतं. भारी तेल आहे ते, चांगलं दाट.

भाची : पुस्तकात या गाडीला सेहेचाळीस सांगितलंय.

मामा : मग अडुसष्ट जास्तच झालं की.

भाची : ते परीक्षेचे मार्क नाहीत, मामा. नंबर म्हणजे दाटपणा. लोडर दिवसभर तापून काम करतो, त्याला चालत असेल. ही गाडी निघते गारठ्यात, सकाळी सातला. घट्ट झालेला मध नळीने ओढून बघ, गाल दुखतील. पंपाचं तेच होतंय. सकाळी पहिली दहा मिनिटं ती केकाटते ना? तू म्हणतोस म्हातारी झालीय, कुरकुर करते.

मामा : हे तुला कुणी सांगितलं?

भाची : थोडं पुस्तकानं. थोडं कचऱ्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांनी. ते म्हणाले, त्यांच्या गाडीला सेहेचाळीस घालता तेव्हा ती एका हाकेत उठते. आणि थोडं माझं मलाच सुचलं.

मामा : ड्रायव्हरला विचारलंस. सगळ्या गॅरेजला विचारून झालं, आणि शेवटी माझ्याकडे आलीस.

भाची : तुझ्याकडे यायची भीती वाटत होती म्हणून. आज वाटली नाही.

आई : तुमचं मामा-भाचीचं संपलं असेल तर माझी चिठ्ठी द्या. दवाखान्यासमोरचे चार दिवे बंद आहेत. काल संध्याकाळी एक आजी तिथे फुटपाथवर धडपडल्या. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला, सकाळी दहाच्या आत दिवे बदलून झाले पाहिजेत म्हणून. गाडी ठीक असल्याची सही करून दे, धाकट्या, मी निघते.

मामा : ताई, एक विचारतो. वर गेल्यावर पाळणा कसा वाटतो?

आई : कसा वाटायचा? पाळण्यासारखा. झोप तेवढी येत नाही.

मामा : थट्टा नको. खरं सांग.

आई : आज काय मध्येच? सही कर.

भाची : आई, सांग ना. तो कधी नव्हे ते विचारतोय.

आई : ... थांबवला की लगेच थांबत नाही. वर-खाली करायची दांडी सोडली तरी वीतभर पुढे जातो, मग हिसका देऊन थांबतो. हल्ली मी विजेच्या तारेच्या बरंच अलीकडे दांडी सोडते. अंदाज आलाय आता.

मामा : हल्ली म्हणजे?

आई : तीन आठवडे झाले असतील.

मामा : तीन आठवडे. आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

आई : बोलायलाच आले होते. त्याच दिवशी साहेब आले होते ना इथे? सगळ्यांसमोर म्हणाले, अकरा वर्षांत या मिस्त्रीची एक गाडी वाटेत बंद पडली नाही. तू असा उभा होतास, शाळेत पहिला नंबर आल्यावर उभा राहायचास तसा. मी म्हटलं, आज नको. उद्या सांगू. मग उद्याचा परवा झाला. आणि दिवे काही थांबत नाहीत.

मामा : माझा चेहरा पडेल म्हणून तू चाळीस फुटांवर हिसके खात राहिलीस?

आई : कमरेला पट्टा असतो माझ्या.

मामा : पट्टा तुला धरतो ताई, पाळण्याला नाही. उद्या तो तारेपाशी थांबला नसता तर?

आई : म्हणून तर अलीकडे सोडत होते. लहानपणी तू सायकल मोडून आणायचास, तेव्हाही घरी कुणाला सांगितलं नव्हतं मी. सवय आहे ती.

भाची : ही काय सवय झाली? मी रोज तुझ्या शेजारी झोपते. मला तरी सांगायचंस.

आई : तुला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात साहेबांपर्यंत गेलं असतं. तुझं तोंड म्हणजे भोंगा.

भाची : गेलं असतं तर बरंच झालं असतं.

मामा : बरोबर बोलतेय ती. चिठ्ठी फाडतो मी. गाडी आज बाहेर जाणार नाही.

आई : आणि दवाखान्यासमोरचा अंधार?

मामा : दुपारी उशिरा का होईना, उजेड असेपर्यंत गाडी तयार झाली तर आजच लावू. नाही तर साहेबांना दुसऱ्या विभागाची गाडी मागवावी लागेल. मी फोन करतो.

आई : थांब. उगाच स्वतःवर ओढून घेऊ नकोस. सांग पंप बिघडला. रोज कुठे ना कुठे पंप बिघडतातच.

मामा : पंप बिघडला म्हटलं तर पंप बदलून देतील, आणि फळा तसाच राहील. वर्षभरानं पुन्हा हेच. ... साहेब, मिस्त्री बोलतोय. पाळणागाडी आज सकाळी सोडत नाही. ... नाही, पंप नाही. तेल बदलायला उशीर केला मी, आणि मधे चुकीचं घातलं. ... हो, मीच. ... हो साहेब. ... ते लेखी देतो. ... संध्याकाळपर्यंत कळवतो.

आई : काय म्हणाले?

मामा : सुरुवातीला म्हणाले ते तुझ्या लेकीसमोर सांगण्यासारखं नाही. मग म्हणाले, बाकीच्या गाड्याही तपासून दोन दिवसांत कागद आण. अकरा वर्षांची पुण्याई पाच मिनिटांत गेली बघ. चल पोरी, बाह्या वर कर. स्टोअरमधून सेहेचाळीसच्या दोन बादल्या आण. झाकणाचं सील तपासून आण.

भाची : आणि फळा? गाडीत तासांचं मीटरच नाही. तास मोजणार कसे?

मामा : तूच सांगितलंस की. एक दिवा वीस मिनिटं. हजार तासांचे किती दिवे?

भाची : तीन हजार.

मामा : मग लिही. पाळणागाडी, दर अडीच हजार दिव्यांना, किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. ताईची वही दर शनिवारी माझ्याकडे.

भाची : तीन हजार होतात, मामा. अडीच का?

मामा : पाचशे दिवे माझ्या समाधानासाठी.

(दुपारचे साडेतीन. पाळणा मिटवून जुनं तेल पूर्ण काढलं आहे. टाकी धुऊन फिल्टर नवा बसवला आहे, नवं तेल भरलं आहे. रिकामा पाळणा दहा वेळा, मग वाळूची दोन पोती घालून दहा वेळा वर-खाली झाला आहे. गाडी गॅरेजच्या मोकळ्या अंगणात उभी आहे.)

भाची : पोत्यांसकट जागच्या जागी थांबतोय. दहाही वेळा. मी खडूची खूण करून मोजलं.

आई : काढा मग ती पोती. मी चढते.

मामा : तू नाही. तू खालून दांड्या चालव. पट्टा दे तुझा.

आई : तुझं काय काम वर?

मामा : अकरा वर्षं मी हा पाळणा खालून तपासतोय, रिकामा. रिकाम्या पाळण्याला कुठे कळतं हिसका म्हणजे काय. ... ही कडी कुठे अडकवायची?

भाची : तिथे नाही. कमरेच्या मागे. हां, आता ओढून बघ.

आई : घट्ट धर. घेतेय वर... थांबवला. बसला हिसका?

मामा : नाही. जागच्या जागी थांबला. ... ताई, इथून पत्र्यावरचा गंज दिसतो. पलीकडचा रस्ता दिसतो. वारा बराच आहे गं.

आई : वारा असतोच. गुडघे सैल ठेव. उतरवू का?

मामा : तू रोज एवढ्या उंचीवर उभी राहतेस?

आई : हा निम्माच उघडलाय, धाकट्या.

मामा : ... मग पूर्ण उघड.